वहीतले पान कापून नेणाऱ्यास खुले पत्र

तुम्हाला,

पत्राच्या आरंभी 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी तुमच्यापुरती मोडते आहे. तुमच्याविषयी मनात प्रेम नाही आणि नमस्कार करावा असे तुम्ही काही केलेले नाही. तुमचे नावगाव मला ठाऊक नाही, पण तुमची करणी मी जवळून पाहिली आहे. त्याबद्दल चार शब्द चारचौघांत ऐकवायचे आहेत.

गोदाकाठच्या एका क्षेत्री, एका तीर्थोपाध्यांच्या घरच्या वहीतून तुम्ही एक पान कापून नेलेत. क्षेत्राचे आणि गुरुजींचे नाव लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नाही. ते येणाऱ्या प्रत्येकाला बसायला देतात, पाणी देतात, वही पुढ्यात ठेवतात आणि पुढच्या यजमानाकडे वळतात. तुमच्याशीही ते तसेच वागले असणार. यात्रेला येणारा माणूस पिशवीत पंचा आणतो, फुले आणतो, दक्षिणेचे पैसे आणतो. तुम्ही ब्लेड आणलेत. म्हणजे ही मोहाच्या क्षणी झालेली चूक नव्हे, तुम्ही घरून ठरवून निघाला होतात.

पान आपोआप गळाले असेल, असे तुम्ही उद्या म्हणाल. ते चालणार नाही. माझा व्यवसाय लेखापरीक्षणाचा. गोदामांतला साठा आणि त्याची रजिस्टरे तपासत मी बारा महिने फिरतीवर असते. गळालेले पान, फाटलेले पान, कसरीने खाल्लेले पान आणि कापलेले पान यांतला फरक ओळखणे हे माझे रोजचे काम आहे. पान गळते तेव्हा शिवण सैल झालेली असते. फाटते तेव्हा कड दातेरी राहते. कसर लागली तर शेजारच्या पानांनाही भोके पडतात. तुमच्या पानाची शिवण घट्ट आहे. शिवणीलगत बोटभर रुंदीची पट्टी उरली आहे आणि तिची कड वरपासून खालपर्यंत सरळ आहे. खालच्या पानावर ब्लेडची रेघ उमटली आहे. मध्यावर तुमचा हात जड पडला, तिथे ते पान आरपार चिरले आहे. वहीच्या पानांना आकडे घातलेले आहेत. सत्त्याऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद येते. पुढे अनुक्रमणिकेत पान ८८ समोर 'पिंपळगाव' हा शब्द अजून तसाच आहे. अनुक्रमणिका कापायचे तुम्हाला सुचले नाही.

उरलेल्या पट्टीवर ओळींची पहिली अक्षरे आहेत. सर्वांत वर 'श्री'. त्याखाली मोडीत 'मौ॥ पिं' आणि पुढे काही नाही. अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, शाईने काढलेले नांगराचे रुमणे आहे. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराची निशाणी करीत असे. त्या नांगराचे रुमणे वहीत आहे आणि बाकीचा नांगर तुमच्या घरात आहे. ती निशाणी माझ्या पणजोबांची.

तुम्ही काय नेलेत हे बहुधा तुम्हाला समजलेले नाही, म्हणून सांगते. क्षेत्राला गेलेला माणूस आपल्या उपाध्यांच्या वहीत लेख लिहून देतो. लेखात स्वतःचे नाव, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा येतो. शेवटी, आमच्या वंशातला जो कोणी येईल त्याने याच उपाध्यांना मानावे, असे लिहिलेले असते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, हरिद्वार, सगळीकडे ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हरिद्वारचे पंडे गाव आणि जात सांगितली की नेमकी वही काढतात. त्या वह्यांचे मोल परदेशातल्या लोकांनीही ओळखले. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने १९७० च्या दशकापासून हरिद्वारच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म करून घेतल्या. राजेरजवाड्यांना बखरकार होते. नांगराची निशाणी करणाऱ्या माणसाला ही वही होती. तिच्यात त्याचा स्वतःचा लेख एकदाच, एकाच पानावर आला.

त्या एका पानावर माझे काय अडले, तेही ऐका.

आमचे आडनाव गावावरून पडलेले आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढेच सांगत आले की, आपण मूळ पिंपळगावचे, मोठ्या दुष्काळात गाव सुटले आणि मुंबईला गिरणीत आलो. हा दुष्काळ १८९९-१९०० चा. खानदेश, वऱ्हाड, गुजरात त्यात होरपळून निघाले. आता पिंपळगाव कोणते? हा प्रश्न किती अवघड आहे, ते मला नोकरीने शिकवले. एकदा पाचोरा तालुक्यातल्या पिंपळगाव हरेश्वरला एका जिनिंगच्या साठ्याची तपासणी होती. आमच्या ऑफिसात प्रवासाचे बघतात त्यांनी मुक्कामाची खोली निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतला घेतली. रात्री उशिरा मी आग्रा रोडवरच्या त्या लॉजवर उतरले. सकाळी जिनिंगच्या मालकांचा फोन आला, "मॅडम, गाडी कधीची स्टँडवर उभी आहे, तुम्ही कुठे आहात?" मी म्हटले, "पिंपळगावात." ते म्हणाले, "मीही पिंपळगावातच आहे." मग एस.टी.ने मनमाड, तिथून रेल्वेने नांदगाव, चाळीसगाव करीत पाचोरा गाठेपर्यंत दिवस मावळला होता. साठ्याची तपासणी एक दिवसाने पुढे गेली आणि प्रवासखर्चाच्या बिलावर 'दोन पिंपळगावे कशी?' असा लाल शेरा पडला.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीजवळ एक म्हातारे तोलणार बसले होते. मी त्यांना सहज म्हटले, "आमचंही मूळ गाव पिंपळगाव." त्यांनी मान वर केली आणि विचारले, "कोणतं, ताई? हरेश्वर, बसवंत, राजा, काळे, का रेणुकाई?" आमच्या घरात हे कोणीच कधी विचारले नव्हते. पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, पिंपळगाव काळे जळगाव जामोद तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्यात. नुसतीच पिंपळगावे तर आणखी कितीतरी आहेत.

आज ही सगळी गावे महाराष्ट्रात आहेत. १९०० साली ती तीन कारभारांत विभागलेली होती. हरेश्वर आणि बसवंत मुंबई इलाख्यात, राजा आणि काळे वऱ्हाडात, रेणुकाई निजामाच्या राज्यात. तिन्हीकडचे महसुली कागद वेगळे, दफ्तरखाने वेगळे. निजामाच्या कारभारात उर्दू, वऱ्हाडात मराठी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, म्हणजे माझ्या पणजोबांनी गाव सोडल्यानंतर. सात-बाराच्या मागच्या नोंदी कितीही उकरल्या तरी तिथे ते सापडायचे नाहीत. कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद मिळू शकेल, पण कोणत्या गावचे कोतवाल बुक उघडायचे? एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर एका ओळीत लिहिलेले होते, 'मौजे पिंपळगाव' या शब्दांच्या पुढे, तालुक्याच्या नावात. ती ओळ पान ८८ वर होती.

तुमच्या ब्लेडातून एक गोष्ट वाचली, ती इथे नोंदवते. पुढच्या एका पानावर माझ्या आजोबांचा लेख सापडला. १९३८ सालचा, बाळबोध अक्षरात, शाळेत घोटून घेतलेल्या वळणाचा. त्यांचे हस्ताक्षर मी तोवर पाहिलेच नव्हते. त्यात त्यांनी आपल्या थोरल्या भावाचे नाव लिहिले आहे. असा कोणी भाऊ होता, हे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हते. आणि ते नाव माझ्या वडिलांचे आहे. आजोबांनी गेलेल्या भावाचे नाव मुलाला ठेवले आणि आयुष्यभर कोणाला सांगितले नाही. वडील आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना मी फोनवर तो लेख वाचून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा वाच." त्याच लेखात आजोबांनी लिहिले आहे की, वडिलांचा लेख मागे आहे, तो पाहून हा लेख लिहून दिला. वडिलांच्या लेखात सगळे आलेले आहे, म्हणून गावचा तालुका त्यांनी पुन्हा लिहिला नाही. लिहिलेले कोणी कापून नेईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आले नसेल. पान उलटले तेव्हा गुरुजींच्या लक्षात आले. ते म्हणाले, "ताई, माझ्या वडिलांनी हे पान मला दाखवलं होतं. नांगर होता." आणि त्यांनी हात जोडले. हात जोडायची पाळी तुमची होती, ती त्यांच्यावर आली.

तुम्ही पान का नेलेत याचा मी पुष्कळ विचार केला. जी कारणे संभवतात त्यांतले एकही टिकत नाही.

जमिनीसाठी नेले असेल. भाऊबंदांचा हिस्सा नाकारायचा तर त्यांची वंशावळच नाहीशी करावी, असा हिशेब असेल. गेलेल्या माणसाने नात्याविषयी करून ठेवलेले कथन आणि कुळाची वंशावळ यांना १८७२ च्या पुरावा कायद्यात स्थान होते आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणूनच तुम्हाला ते पान बोचले असणार. पण पुरावा कोर्टापुढे येऊ नये म्हणून कागद नष्ट करणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि दुसऱ्याच्या घरून त्याचा कागद त्याला न विचारता नेणे याला चोरी म्हणतात. भावाचा हक्क बुडवायला निघालेला माणूस आपल्याच आजोबांचे नाव कापून नेतो, कारण त्या पानावर दोघांचेही आजोबा एकाच ओळीत असतात.

जातीच्या दाखल्यासाठी नेले असेल. जुनी नोंद मिळवण्यासाठी लोकांची किती पायपीट होते, ते मी पाहिले आहे. शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुक, जुने खरेदीखत, काय काय शोधावे लागते. त्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण तुम्ही पायपीट टाळलीत आणि वर पुराव्याचाच जीव घेतलात. वहीतले पान खरे ठरते ते त्याच्या जागेमुळे. मागच्या पानाची तारीख, पुढच्या पानाची तारीख, शेजारच्या लेखातले हस्ताक्षर, एकच शाई, एकच शिवण, हे सगळे मिळून त्याची साक्ष देतात. वहीतून सुटलेले पान म्हणजे शिक्क्याविना व्हाउचर. पडताळणीला बसलेला कोणीही जाणता माणूस पहिला प्रश्न विचारील, हे कुठून आणलेत? तिथे तुम्हाला उत्तर देता येणार नाही. गुरुजींना विनंती केली असती तर त्यांनी फोटो काढू दिला असता, वही घेऊन साक्षीलाही आले असते. त्या पानाने आता एकच गोष्ट सिद्ध होते, ती तुमची चोरी.

की दिवाणखान्यात टांगायला नेलेत? जुना मोडी कागद काचेच्या चौकटीत शोभून दिसतो, पाहुणे विचारतात, मग पूर्वजांविषयी दोन शब्द बोलता येतात. तसे असेल तर लॅमिनेशन केले नसेल अशी आशा करते. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक जुन्या कागदावरून धड निघत नाही. आणि पाहुण्यांना सांगताना हेही सांगा की, या पानावरच्या माणसाने सही म्हणून नांगर काढला होता आणि त्याचे रुमणे मी वहीतच सोडून आलो.

की विकायला नेलेत? जुन्या कागदांना गिऱ्हाईक असते, हे खरे आहे. पण ज्याला तुम्ही ते विकाल त्याला पिंपळगाव कोणते याच्याशी कर्तव्य नाही. जिला त्या ओळीची गरज आहे ती मी, आणि माझ्याकडून तुम्हाला एक पैसा मिळणार नाही.

तुमची आठवण मला कुठे झाली, तेही सांगते. कामानिमित्त मी तंजावरला गेले होते. राइस मिलच्या गोदामाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या ते गृहस्थ लग्नाला बाहेरगावी गेले होते, त्यामुळे सबंध दिवस हाती लागला. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर पाहायला गेले. तिथे भिंतीवर मराठी अक्षरे कोरलेली आहेत. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली आपल्या भोसले घराण्याचा इतिहास दगडात कोरून घेतला. दक्षिणेत राज्य केलेल्या एका मराठी घराण्याची सगळी हकिकत, पिढी दर पिढी, तमिळ देशातल्या देवळाच्या भिंतीवर! मी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि मला तुमची आठवण झाली. ती भिंत तुमच्या ब्लेडाच्या आवाक्याबाहेर आहे. राजाला दगड परवडला. माझ्या पणजोबांना कागदाचे एक पान परवडले. तुम्ही गाठ घातलीत ती नेमकी कागदवाल्याशी.

या महाराष्ट्रात कागदांसाठी जन्म वेचलेली माणसे होऊन गेली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवून घेतली, नकला केल्या. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे असे एकूण बावीस खंड झाले. १९१० साली त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद पंचेचाळीस खंडांत छापून काढले. त्या सगळ्यांच्या हातांखालून गेलेला कागद लोकांसाठी खुला झाला. तुमच्या हाताखालून गेलेला कागद लोकांना कायमचा बंद झाला. तुमच्याविषयी मी एवढेच म्हणू शकते, आणि ते पुरेसे आहे.

आता माझी मागणी ऐका. पान परत करा. समोर यायची हिंमत नसेल तर येऊ नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये ते सपाट ठेवा, घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या पाकिटात घाला आणि पाठवणाऱ्याचे नाव न लिहिता गुरुजींच्या पत्त्यावर टपालाने पाठवा. पत्ता तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही तिथे जेवून आला असाल. चिकटपट्टी लावू नका. कापलेली कड पट्टीला जुळते की नाही हे मी स्वतः पाहीन. पान विकून मोकळे झाला असाल तर त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. पान फाडून टाकले असेल, तर त्यावर तालुका कोणता होता तेवढा आठवून एका ओळीत लिहून पाठवा. तुम्ही ते वाचले असेल, कारण न वाचता कोणी नेमके तेच पान नेत नाही. ऐंशी उलटलेल्या एका माणसाला आपले गाव कोणते हे कळायला हवे आहे. त्याच्यापाशी फार वेळ नाही, हे लक्षात ठेवून टपालाला उशीर करू नका.

वाचकहो, तुम्हालाही एक सांगणे आहे. आपल्या कुळाचे उपाध्ये कोण, कोणत्या क्षेत्री, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. पुढच्या वेळी कामासाठी त्या बाजूला गेलात आणि मीटिंग पुढे ढकलली गेली, तर ती दुपार लॉजवर न घालवता त्यांच्या घरी जा. वही उघडून बसा, लेखाचे फोटो मागून काढा आणि भावंडांना पाठवा. मोडी वाचता येत नसेल तर शिका. पुराभिलेख संचालनालय आणि काही विद्यापीठे मोडीचे वर्ग घेतात. स्वतःचा लेख लिहून द्या. त्यात बायका-मुलींची नावे घाला, तालुका आणि जिल्हा पुरता लिहा, 'मागे लिहिले आहे' यावर विसंबू नका. गुरुजींना माझी विनंती आहे की, वही यजमानाच्या हाती देऊन उठू नका. आणि पान कापून नेणारा हा माणूस तुमच्या ओळखीतला असेल, तर हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवा.